फळ्यावरचा २८ डिसेंबर

आमच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की दिनविशेष असतो. अमळनेर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखलेली असते, आणि ज्याची पाळी असेल तो आदल्या रात्री मोबाइलवर आलेला मेसेज बघून तिथं चार ओळी उतरवतो. एका डिसेंबरात सहावीतल्या एका मुलीने उतरवलेल्या ओळी अशा होत्या :

२८ डिसेंबर. १८८५ – मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना. १८९५ – पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. १९०८ – इटलीत मेसिना येथे महाभूकंप. १९३२ – धीरूभाई अंबानी यांचा जन्म. १९३७ – रतन टाटा यांचा जन्म.

वाचून झाल्यावर जागेवर जाता जाता ती थांबली. "सर, एकाच दिवशी एवढं सगळं कसं काय झालं?"

पोरं हसली. मला मात्र प्रश्न आवडला. दिनविशेष आपण रोज वाचतो, पुढे पाठवतो, पण तो नेमका काय प्रकार आहे हे कुणी समजावून सांगत नाही. त्या दिवशी पहिला तास गणिताचा होता, तो यातच गेला. तेच इथं जरा सावकाश सांगतो.

आधी मी तिच्या यादीत दोन ओळी वाढवल्या, कारण मेसेज लिहिणाऱ्याला खानदेश माहीत नव्हता. १९२६ – नंदुरबारला शिरीषकुमार मेहता यांचा जन्म. १९३६ – फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया असल्या गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी ते सगळं सजवलं होतं, आणि साने गुरुजी त्याच्या तयारीसाठी गावोगाव फिरले होते. २७ आणि २८ असे दोन दिवस ते चाललं. त्यामुळे कुणी ते २७ ला टाकतो, कुणी २८ ला, आणि दोघंही बरोबर असतात. लांबलेल्या घटनेला एका चौकटीत बसवायचं म्हटलं की असं होतंच.

वर्गाने लगेच हिशोब केला : फैजपूरला नेहरू बोलत होते त्या दिवशी नंदुरबारचा शिरीष दहा वर्षांचा झाला. त्यानंतर सहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, ९ सप्टेंबर १९४२ ला, हातात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. सोबत आणखी चार जण गेले. सोळावं वर्ष पुरं झालं नव्हतं.

आता मुलीचा प्रश्न. एकाच दिवशी एवढं कसं झालं, याची उत्तरं दोन प्रकारची असतात, आणि ती वेगळी ठेवावी लागतात. काही घटना एका तारखेला येतात त्या निव्वळ योगायोगाने. काहींच्या मागे कारण असतं.

काँग्रेसचं घ्या. १८८५ मध्ये ७२ प्रतिनिधी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमले. खरं तर ठरलं होतं पुण्याला. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून जागा बदलली. पण डिसेंबरचा शेवटचा आठवडाच का? जमणारे बरेचसे वकील होते, आणि नाताळात कोर्टं बंद असतात. सरकारी कचेऱ्याही बंद. मग रेल्वेने चार दिवस प्रवास करून सभेला जायला सवड कधी, तर तेव्हाच. पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक अधिवेशनं डिसेंबरअखेर भरली ती याच सवयीने. म्हणून दिनविशेषात २६ ते ३१ डिसेंबरला 'काँग्रेसचं अमुक अधिवेशन' ही ओळ सारखी दिसते.

१९२९ ला लाहोरच्या कडाक्याच्या थंडीत गरीब शेतकऱ्यांचे हाल झाले, तेव्हा अधिवेशन फेब्रुवारी-मार्चवर न्यायचं ठरलं, आणि पुढचं कराची मार्च १९३१ मध्ये भरलं. १९३६ चं लखनौ एप्रिलमध्ये झालं. मग त्याच वर्षी फैजपूर परत डिसेंबरात का? समोर १९३७ च्या सुरुवातीच्या प्रांतिक निवडणुका होत्या, त्याआधी बसणं भागच होतं, हे मला पटणारं कारण. म्हणजे १८८५ आणि १९३६ एका तारखेवर आले, त्यात नाताळ आहे, सवय आहे आणि निवडणूक आहे. देवाची करणी नाही.

मेसिनाच्या भूकंपाला मात्र कॅलेंडर कळत नाही. रतन टाटा आणि धीरूभाई एका तारखेचे, यातही काही गूढ नाही. वर्षात तारखा ३६६, आणि इतिहासात नोंद झालेली माणसं लाखांनी. कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, पंचवीस-तीस मोठी नावं निघतीलच. अंकशास्त्र सांगणारे याच भांडवलावर जगतात.

वर्गात मी एक जुनी गंमत करून दाखवतो. २३ जण एकत्र असतील, तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ऐकून खोटं वाटतं, कारण आपण मनात 'माझ्या तारखेचा कुणी आहे का' एवढंच शोधतो. पण २३ जणांच्या जोड्या किती लागतात? पहिल्याच्या २२, दुसऱ्याच्या उरलेल्या २१, असं करत एकूण २५३. प्रत्येक जोडी म्हणजे एक वेगळी संधी. २५३ वेळा चेंडू टाकल्यावर एकदा तरी दांडी उडायची शक्यता निम्म्यावर जाणारच.

ही गंमत आमच्या पिढीवर मात्र चालत नाही. आमच्या वयाची २३ माणसं कशाला, पारावर बसलेली चार धरा. त्यातल्या दोघांची जन्मतारीख एक जून निघते.

माझीही. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे १ जून १९७२ आहे. आजी मात्र सांगायची, "पोयाना दुसरा दिन जलमना तू, दुस्काळना सालले." पोळा म्हणजे श्रावण अमावस्या, तेव्हा मी झालो भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. त्या वर्षी पोळा ७ सप्टेंबरला होता. म्हणजे माझी खरी तारीख ८ सप्टेंबर १९७२. जून १९७८ मध्ये वडील मला घेऊन शाळेत गेले तेव्हा मी पावणेसहा वर्षांचा होतो. पहिलीला सहा पूर्ण लागायची. गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, माझा हात पोचला, आणि त्यांनी लिहून टाकलं : एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा त्या दिवशी पोर सहाचं झालेलं असलं म्हणजे काम भागलं. लबाडी म्हणून कुणी ते केलं नाही. तारीख हवी होती, घरात तिथी होती, आणि दोन्हींची सांगड घालायला कुणाला वेळ नव्हता. त्या एका ओळीपायी मी चार महिने आधी निवृत्त होणार. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, तेव्हा ३१ मे २०३०.

हे रडगाणं नाही. दिनविशेष समजायला हीच किल्ली आहे. प्रत्येक तारखेमागे ती कागदावर लिहिणारा कुणीतरी असतो. त्याने ती कधी लिहिली, आणि घरच्यांनी सांगितलेलं काय होतं, हे बघायचं.

तिथी आणि तारीख यांचं भांडण कशावरून आहे ते आधी सांगतो. तारीख सूर्याची. पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी मारते त्याचे ३६५ आणि पाव दिवसांच्या आसपास तुकडे. तिथी चंद्राची. अमावस्येला आकाशात सूर्य-चंद्र एका रेषेत असतात, मग चंद्र पुढे सरकतो. तो सूर्यापासून १२ अंश लांब गेला की प्रतिपदा संपली, २४ अंशांवर द्वितीया संपली, असं करत ३६० अंशांत ३० तिथ्या. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून एक तिथी कधी १९ तासांत आटोपते, कधी २६ तास रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. म्हणूनच कॅलेंडरात कधी एखादी तिथी गायब असते, कधी दोन दिवस तीच.

बारा चांद्र महिने मिळून ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवस कमी. म्हणून दिवाळी दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येऊन तिला परत पुढे ढकलतो. जावयाला धोंडे खायला मिळतात ते या अकरा दिवसांच्या साठलेल्या बाकीतून.

यात एक सुंदर मेळ आहे. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने यांची लांबी जवळजवळ सारखी, ६,९३९ दिवस आणि वर काही तास. म्हणजे दर १९ वर्षांनी तुमची तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात, एखाद्या दिवसाच्या फरकाने. एकोणिसावा, अडतिसावा, सत्तावन्नावा वाढदिवस कॅलेंडरात बघा. घरच्या घरी पडताळता येतं.

आता हाच मेळ घेऊन असोद्याला, बहिणाबाईंच्या जन्मगावी, जाऊ. बहिणाबाई चौधरींची जन्मतारीख २४ ऑगस्ट १८८० म्हणून सगळीकडे छापलेली असते, आणि सोबत असतं : नागपंचमीचा दिवस. आम्हीही दरवर्षी २४ ऑगस्टला त्यांचा फोटो लावून हार घालतो. एकदा मला सहज वाटलं, १८८० ची नागपंचमी काढून बघावी. १८८० मध्ये १९ ची सात आवर्तनं, म्हणजे १३३ वर्षं मिळवली की २०१३ येतं. २०१३ ची नागपंचमी ११ ऑगस्टला होती. तेव्हा १८८० चीही ११ ऑगस्टच्या आगेमागेच पडायला हवी.

पटलं नाही म्हणून दुसऱ्या वाटेने गेलो. ११ जानेवारी १८८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. सूर्यग्रहण म्हणजे अमावस्या. तिथून साडेएकोणतीस दिवसांचा एक, असे सात चांद्र महिने मोजले की ५-६ ऑगस्टला पुन्हा अमावस्या येते. पंचमी त्यानंतर पाचव्या दिवशी. २४ ऑगस्टपर्यंत तर पौर्णिमा होऊन गेलेली, वद्य पक्ष लागलेला. आपल्याकडे नागपंचमी वद्यात येत नाही.

म्हणजे '२४ ऑगस्ट' आणि 'नागपंचमी' दोन्ही एका वेळी खरे असू शकत नाहीत. कुठलं सोडायचं? माझं मत सांगतो. १८८० सालच्या खेड्यातल्या शेतकरी घरात पोरगी झाली तर आईच्या लक्षात काय राहील, ऑगस्टची चोवीस की झोक्यांचा, वारुळाचा, माहेरवाशिणींचा सण? माझी आजी पोळा विसरली नव्हती. तारीख नंतर कुणीतरी बसवली असणार, आणि बसवताना कुठंतरी घसरली असणार. त्यांचा मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा, त्यावर कुणाचा वाद नाही.

हे नेहमीचंच आहे. जुन्या माणसांच्या बाबतीत मृत्यूची तारीख जन्मतारखेपेक्षा भरवशाची असते. जन्माच्या वेळी तो कोण होणार हे कुणालाच माहीत नसतं. मरताना नाव झालेलं असतं, चार माणसं जवळ असतात, वर्तमानपत्रात येतं. बालकवी ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला वारले, शिरीषकुमार जन्मला त्यानंतर तीन दिवसांनी. राजवाड्यांचं सगळं आयुष्य जुन्या कागदांवरचे शक-महिने-तिथ्या लावण्यात गेलं. अशा कामाला जंत्री लागते : एका बाजूला शक आणि तिथी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी तारीख.

जंत्रीतही एक खड्डा आहे. इंग्रजी कॅलेंडर एक नाही, दोन आहेत. जुनं ज्युलियन, त्यात लीप वर्षं जरा जास्त पडायची, म्हणून ते ऋतूंच्या मागे राहायला लागलं. १५८२ मध्ये पोपने दुरुस्ती केली : ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. इंग्रजांनी हे मानलं १७५२ मध्ये, रशियाने क्रांतीनंतर. म्हणून रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरच्या सात तारखेला येते. आपल्याकडचं उदाहरण शिवजयंतीचं. सरकारी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन आहे. आजच्या कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च येतो. आणि तिथीने साजरी करणारे फाल्गुन वद्य तृतीया धरतात. तिथी की तारीख या वादात दोन्ही बाजू ठासून बोलतात, पण आपली 'तारीख' कुठल्या कॅलेंडरची हे सहसा कुणी विचारत नाही.

मला सगळ्यात आवडणारी तारीख चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखातली आहे. पाटणादेवीला सहल जाते तेव्हा मी मुलांना ती सांगतोच. यादवांच्या काळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्यात शेवटी चक्क मराठी आहे : 'इयां पाटणीं जें केणें उघटे...' म्हणजे या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावरच्या करातला वाटा मठाला.

तारीख अशी : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. लिहिणारे ज्योतिषी, म्हणून एका दिवसाला चार खुणा. आणि तरी गोची आहे. आपल्या पंचांगाच्या हिशोबाने प्रभव संवत्सर शके ११२९ ला येतं, ११२८ ला नाही. संवत्सर म्हणजे वर्षाचं नाव, अशी नावं साठ, म्हणून साठ वर्षांनी तेच फिरून येतं. १९८७ ला प्रभव होतं, तिथून साठ-साठने मागे जा, १२०७ मिळेल, आणि १२०७ वजा ७८ म्हणजे ११२९. शकाचा आकडा आणि संवत्सर यांत एक वर्षाचा फरक पडला, तर ठरवायचं कसं? कीलहॉर्न या संस्कृत पंडिताने संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ घालून दिवस काढला : ९ ऑगस्ट १२०७. त्या पौर्णिमेच्या रात्री ग्रहण होतं. माणूस आकडा लिहिताना चुकेल किंवा वेगळ्या पद्धतीने मोजेल. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली ती पडलीच.

आणि खुद्द आजोबा? भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल श्लोकात सांगितलंय : 'रसगुणपूर्णमही'. हे शब्द नाहीत, आकडे आहेत. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, एक. उजवीकडून वाचायचं : १०३६. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. पुढच्या ओळीत सांगतात, 'रसगुण' वर्षांचा असताना सिद्धान्तशिरोमणी रचला. छत्तिसाव्या वर्षी.

महिना नाही, तिथी नाही. ग्रहणाचा क्षण गणिताने काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या जन्माचं फक्त साल ठेवलं, त्यामुळे दिनविशेषाच्या चौकटीत त्यांना जागाच नाही.

सहलीत एका मुलाने विचारलं, "मग सर, त्यांची जयंती कधी करायची?" मी म्हटलं, मठाला दान मिळालं त्या दिवशी करू. "म्हणजे ९ ऑगस्ट?" नाही, ती ज्युलियन. आजच्या कॅलेंडरने १६ ऑगस्ट होईल. तो जरा गोंधळला. मग श्रावण पौर्णिमा धरू, मी म्हटलं, ते सोपं. त्याने बोटं मोजली आणि तोंड पाडलं.

"सर, त्या दिवशी राखी. शाळेला सुट्टी असते."